फळीखालचा भोंगा

मित्रांनो, हल्ली मला बघून पाहुणे विचारतात, "हे काय, चित्रं काढायचं स्टँड का?" मी ऐकून घेते. काय करणार! मी मोजणीची फळी आहे. जुनी, मुरलेल्या लाकडाची, तीन पायांवर उभी राहणारी. माझ्या अंगावर कागद ताणायचा, समोरची जमीन नजरेने मापायची आणि जागच्या जागी तिचा नकाशा काढायचा, हा माझा धंदा. आता तो धंदाच राहिला नाही, तर ओळखणारे तरी कुठून राहणार? पण आज मी नकाशांची गोष्ट सांगणार नाही. माझ्या पायांशी बसणाऱ्या एका कुत्र्याची गोष्ट सांगणार आहे. ती मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही.

मला घडवणारा सुतार मोठा फटकळ माणूस. त्याने माझं लाकूड दोन वर्षं नुसतं छपराखाली वाळत ठेवलं. गिऱ्हाईक येऊन रोज कटकट करायचं, तर हा म्हणायचा, "वाळू दे. आज घाई केली तर उद्या फळी वाकेल आणि नावं मला ठेवाल." म्हणून मी आजतागायत केसभरही वाकलेली नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तिथून मी एका तरुण मोजणीदाराच्या हाती आले. तीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून माळ, ओढे, टेकड्या पालथ्या घातल्या. कुठेही पोचलं की तो आधी माझ्यावर पाणसळ ठेवायचा. पाणसळ म्हणजे काचेची छोटी नळी, आत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा बरोबर मधोमध आला की फळी सपाट झाली. तोवर तो चहाच्या कपाला हात लावायचा नाही. एकदा दोन सख्खे भाऊ कुंपणावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. माझ्यावर पेन्सिलीची रेघ उमटली, ती दोघांनी पाहिली आणि दोघे मुकाट्याने आपापल्या घरी गेले. मोजणीदाराचे वरचे साहेब माझ्यावर टिचकी मारून म्हणाले, "फळी असावी तर अशी!" मला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग बटण दाबलं की आपोआप मापं देणारी यंत्रं आली. मोजणीदार निवृत्त झाला आणि मी घरच्या माळ्यावर गेले, एक बिघडलेला पंखा आणि जुन्या गाद्या यांच्या मधे. बारा वर्षं तिथे होते. उंदरांनी माझा चामड्याचा पट्टा अर्धा खाल्ला. कोणी विचारपूससुद्धा केली नाही.

खाली घरात माणसं दोन. मोजणीदार, म्हणजे आताचे म्हातारे बाबा, आणि त्यांची मुलगी. तिसरा होता भोंगा. पिल्लू असताना मुलीने त्याला पावसात भिजताना उचलून आणलं होतं. आकाराने बेताचाच, पण आवाज असा दणदणीत की नाव आपोआप पडलं. लिफ्ट वाजली की भुंकायचा. दारावर कोणी आलं की भुंकायचा. शेजारी शिंकले तरी त्यांना उत्तर द्यायचा. बाबांना त्याचं काहीच नव्हतं, कारण त्यांना ऐकू कमी यायचं. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ते बहुतेक वेळ खिशातच असायचं. उलट दारावर कोणी आलंय हे त्यांना भोंग्याच्या उड्यांवरूनच कळायचं. पण बाकी इमारतीचे कान किटले होते.

शेवटी घरमालकीणबाई वर आल्या. "दोन महिने देते," त्या म्हणाल्या. "एक तर त्याचं तोंड बंद करा, नाहीतर त्याची दुसरीकडे कुठे सोय करा. तेही जमत नसेल तर घर सोडा. मला रोज दहा जणांची बोलणी खावी लागतात हो."

दुसरी पंचाईत मुलीच्या नोकरीची होती. ती घरूनच काम करायची. लोकांचं कपडे धुण्याचं यंत्र नाहीतर फ्रीज बंद पडला की ते चिडून फोन करायचे आणि ही कानाला हेडफोन लावून त्यांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. नियम एकच, पण कडक. बोलताना मागून कसलाही आवाज येता कामा नये. कंपनीतल्या तिच्या वरच्या बाई मधूनच चोरून ऐकायच्या आणि मागे खुट्ट झालं तरी गुण कापायच्या. भोंग्यामुळे तिला दोन वेळा ताकीद मिळाली होती. तिसरी मिळाली की नोकरी जाणार होती. म्हणजे एका कुत्र्याच्या तोंडावर घर आणि नोकरी, दोन्ही टांगणीला लागलं होतं. आणि कुत्रा तर तिला दोन्हींपेक्षा प्यारा होता.

मुलगी हट्टी होती, बापावर गेलेली. ती म्हणाली, "बाबा, दोन महिने गाडी घेऊन बाहेरच पडू या. माझं काम काय, रेंज असेल तिथून होतं. मोकळ्या रानात भोंग्याला गप्प बसायला शिकवते."

"काय?"

"गप्प बसायला!" ती ओरडली.

"मी कुठे काय बोलतोय?" बाबा म्हणाले. दोघंही खूप हसली.

पाव पोचवणारी एक जुनी व्हॅन त्यांनी मिळवली. तिच्यात अजून पावाचा वास होता. मागे एक पलंग बसवला, बाबांसाठी तंबू घेतला. मुलगी घडीचं टेबल घ्यायला निघाली, तर बाबा म्हणाले, "विकत कशाला? माझी फळी आहे की!" आणि मित्रांनो, बारा वर्षांनी मला कोणीतरी ओल्या फडक्याने पुसलं. मी किती सुखावले, ते शब्दांत नाही सांगता यायचं.

मग आमचे मुक्काम सुरू झाले. कधी तळ्याकाठी, कधी झाडीत, कधी एखाद्या बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात. गाडी थांबली की बाबा फोन हातात उंच धरून रेंज शोधत फिरायचे, अगदी पूर्वी जमीन मापायचे तसे. रेंज सापडली की तिथे फक्कीच्या पांढऱ्या भुकटीने गोल आखायचे. त्या गोलात माझे पाय रोवायचे आणि वर पाणसळ ठेवायचे.

"बाबा, लॅपटॉप ठेवायचाय, धरण नाही बांधायचं!" मुलगी वैतागून म्हणायची.

"वाकड्या फळीवर सरळ काम होत नाही," असं म्हणून ते आणखी एक स्क्रू पिळायचे.

भोंग्याची शिकवणी माझ्या खालीच चालायची. फोन लागायच्या आधी मुलगी हात खाली दाखवून म्हणायची, "लाईन चालू!" की त्याने माझ्या तीन पायांच्या मधे बसायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. काम संपलं की ती म्हणायची, "लाईन बंद!" मग बिस्किट, आणि मग हवं तेवढं भुंकायची मोकळीक. सुरुवातीला फार कठीण गेलं त्याला. फुलपाखरू दिसायचं, दूरवर एखादी मेंढी ओरडायची, आणि भुंकणं त्याच्या घशापर्यंत यायचं. त्याची कूस माझ्या पायाला टेकलेली असायची, त्यामुळे ते आतल्या आत कसं अडायचं ते मला कळायचं. मग मुलीचा हात त्याच्या डोक्यावर यायचा आणि तो ते गिळायचा. "लाईन बंद" ऐकलं की सुटायचा आणि तळ्याभोवती तीन फेऱ्या मारत दिवसभराचं सगळं भुंकून घ्यायचा.

गंमत म्हणजे बाबाही शिकले. "लाईन चालू" म्हटलं की हातातला कप तोंडाशी न नेता तसेच थांबायचे आणि मग चवड्यांवर चालत लांब जायचे. स्वतःला धड ऐकू येत नाही, आणि माणूस चोरपावलांनी चालतोय! मला हसू यायचं.

पाचव्या आठवड्यात मात्र माझं हसू गेलं. मुलीने "लाईन बंद" म्हटलं आणि भोंग्याने नुसती शेपूट हलवली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मेंढ्यांचा अख्खा कळप समोरून गेला, हा नुसता बघत बसला.

"बघा बाबा, किती शहाणा झालाय!" मुलीचे डोळे आनंदाने चमकत होते. "आता कोण काढतंय आपल्याला घराबाहेर!"

बाबांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "फारच शहाणा झाला," एवढंच म्हणाले आणि तंबूकडे गेले. मला अगदी कसंतरी झालं. तिसरी फेरी संपवून धापा टाकत येणारा तो आगाऊ कुत्रा मला हवा होता.

सातव्या आठवड्यात आम्ही एका कोरड्या नदीच्या काठी उतरलो. रेंज कुठेच नव्हती. तासभर फिरल्यावर एका दगडांच्या ढिगाशेजारी सापडली. बाबांनी फक्की हातात घेतली आणि तिथेच थांबले. "इथे नको गं. दगडांत काय काय असतं."

"बाबा, दोनच दांड्या येताहेत, त्याही इथेच. नऊ वाजले. आज बाई ऐकायला बसणार आहेत, मला निरोप आलाय." ती घाईने लॅपटॉप उघडत होती. बाबांनी गोल आखला आणि ते पाणी आणायला गेले.

मुलीने सवयीने चपला काढून बाजूला सारल्या. "लाईन चालू!" भोंगा खाली बसला. पहिलाच फोन एका संतापलेल्या माणसाचा होता. त्याचं कपडे धुण्याचं यंत्र तीन आठवडे बंद होतं आणि कोणी बघायला आलं नव्हतं. तो बोलत होता, बोलत होता, आणि मुलगी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तुमचा त्रास मी समजू शकते, सर."

तेवढ्यात दगडांतून साप निघाला. मातकट रंगाचा, जाडसर. मी त्याला पाहिला आणि भोंग्यानेही पाहिला. त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले. तो साप सावलीच्या शोधात सरळ माझ्या खाली येत होता, मुलीच्या उघड्या पावलांकडे. भोंग्याच्या घशात भुंकणं दाटून आलं. माझा पाय त्याने हलला. त्याने मान वर करून मुलीकडे पाहिलं. ती स्क्रीनकडे बघत होती. मित्रांनो, त्याने ते भुंकणं गिळलं. आणि भुंकता येत नाही म्हणून त्याने तोंड पुढे केलं, तिच्या पावलांच्या आणि सापाच्या मधे.

साप त्याच्या ओठाला चावला आणि मागे फिरून दगडांत गेला. भोंगा कळवळला, त्याचं अंग मुलीच्या पायावर आदळलं. तिने पावलानेच त्याला हळूच बाजूला केलं आणि पुटपुटली, "शू." तो माझ्या पायाला चिकटून बसला आणि थरथरत राहिला. हूं नाही की चूं नाही. मी काय करू शकत होते? लाकडाला बोलता येत नाही. भोंग्याला येत होतं.

बाबा पाणी घेऊन आले. त्यांनी खाली पाहिलं आणि थबकले. भोंग्याचं तोंड एका बाजूने सुजलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, तर मुलीने न बघता तळहात वर केला. लाईन चालू होती. आणि बाबा, मित्रांनो, बाबा थांबले. सात आठवडे तेही शिकत होते ना. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, कागद घेतला आणि नकाशावर लिहायचे तशा सुबक अक्षरांत लिहिलं, "भोंग्याचं तोंड सुजलं आहे." तो कागद त्यांनी माझ्यावर, लॅपटॉपच्या शेजारी ठेवला.

मुलीने तो वाचला. दोनच दिवसांपूर्वी भोंग्याला नाकावर मधमाशी चावली होती आणि सूज संध्याकाळपर्यंत उतरली होती. तिला तेच वाटलं. तिने मान डोलावली आणि एक बोट वर केलं, एक मिनिट. मग हेडफोनमधे म्हणाली, "हो सर, मी ऐकतेय. अगदी नीट ऐकतेय."

ते मिनिट फार लांबलं. बाबा गुडघे टेकून खाली बसले. त्यांना ओठावरच्या दोन खुणा दिसल्या. भोंगा उठायला गेला आणि त्याचे मागचे पाय लुळे पडले. बाबांनी हात वर केला आणि लॅपटॉप खाडकन मिटला. तो माणूस अजून बोलत होता.

"बाबा! काय केलंत हे! बाई ऐकत होत्या!"

"ऐकू दे त्यांना! तू खाली बघ. आधी खाली बघ!"

तिने पाहिलं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

बाबांनी मला पायांपासून सोडवलं. तीस वर्षं जो स्क्रू ते डोळे मिटून काढायचे, तो त्या दिवशी त्यांच्या बोटांना सापडेना. भोंग्याला माझ्यावर झोपवलं, अर्ध्या पट्ट्याने बांधलं आणि दोघांनी मला उचलून व्हॅनमधे ठेवलं. आजवर मी नद्या वाहिल्या, डोंगर वाहिले, पण सगळे कागदावरचे. हे ओझं जिवंत होतं आणि माझ्यावर त्याचा श्वास लागत होता. मी सपाट राहिले. तेवढंच माझ्या हाती होतं.

जनावरांचा दवाखाना तासाभरावर होता. डॉक्टरीणबाई डबा खायला बसल्या होत्या, तो तसाच सारून उठल्या.

"चावल्याला किती वेळ झाला?"

"माहीत नाही," मुलगी म्हणाली.

"ओरडला कधी? तिथून मोजू."

"ओरडला नाही."

"असं कसं? साप चावल्यावर कुत्रं ओरडणारच. तुम्ही कुठे होतात?"

"मी तिथेच होते. त्याच्या वरच. हातभर अंतरावर."

बाबांनी डॉक्टरांचं नीट ऐकू यावं म्हणून यंत्र कानात घातलं होतं. ते म्हणाले, "ओरडायचं नाही, असं आम्ही त्याला शिकवलंय."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे पाहिलं. त्यांनी सुई भरली. नंतर सलाईन लावताना म्हणाल्या, "नाक खुपसलं असेल दगडांत. कुत्र्यांना सवयच असते." मुलीने मान डोलावली. तिला आजही तसंच वाटतं. त्याने तोंड का पुढे केलं, हे फक्त मला माहीत आहे.

तीन दिवस तो जगतो की नाही ते कळत नव्हतं. मुलगी पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसून होती. जाळीतून बोटं घालून सारखी म्हणायची, "लाईन बंद, भोंग्या. बंद झाली रे लाईन. ओरड हवं तेवढं." तो तिची बोटं चाटायचा आणि गप्प पडून राहायचा. बाबांनी तीन दिवसांत धड चार घास खाल्ले नसतील. "दगड दिसत होते मला," ते एकदाच म्हणाले, "दिसत होते, आणि मी गोल आखला."

चौथ्या दिवशी तो उभा राहिला. त्याच संध्याकाळी वरच्या बाईंचा फोन आला. मुलीला वाटलं, आता नोकरी गेली. तिने तयारीच ठेवली होती. पण बाई म्हणाल्या, "त्या दिवशीचा फोन मधेच तुटला. रेंज गेली असं मी लिहून टाकलंय, काळजी करू नका. आणि काय हो, मागे आवाज अजिबात नव्हता. अगदी टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पूर्ण गुण दिलेत तुम्हाला."

मुलीने फोन खाली ठेवला आणि ती दवाखान्याच्या पायरीवर बसून हुंदके देऊन रडली.

आम्ही घरी परत आलो. आठवड्याने घरमालकीणबाई वर आल्या. भोंग्याने दाराशी जाऊन त्यांना हुंगलं आणि तो आपल्या जागी येऊन बसला.

"अगं बाई, काय गुणी झालाय हो!" त्या म्हणाल्या. "घरात कुत्रं आहे की नाही, कळतसुद्धा नाही. आता खुशाल राहा. कोणी काही बोललं तर मी आहे."

घर राहिलं, नोकरी राहिली, कुत्राही राहिला. जे जे मिळवायला निघालो होतो ते सगळं मिळालं. मुलगी बाईंना "थँक्यू काकू" म्हणाली, त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आली आणि न्हाणीघरात जाऊन तिने नळ पूर्ण सोडला. ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मी आता गॅलरीत असते. इथून समोरचं मैदान दिसतं. रोज संध्याकाळी बाबा भोंग्याला घेऊन तिथे जातात. मैदानाच्या मधोमध उकिडवे बसतात आणि स्वतः भुंकतात. हो, भुंकतात! "भो! भो! असं, बाळा. भो!" खेळणारी मुलं पोट धरून हसतात, एकदोन जण त्यांच्या नकला करतात. बाबांना त्याचं काही नाही. ते भोंग्याच्या गळ्यावर तळहात ठेवून बसतात, कारण तो भुंकला तर ते त्यांना ऐकू येणार नाही, हाताला कळेल. भोंगा त्यांच्याकडे प्रेमाने बघतो, शेपूट हलवतो, त्यांचा कान चाटतो. मग अंधार पडतो आणि दोघं जिना चढून वर येतात. मुलगी दार उघडून आधी बाबांच्या चेहऱ्याकडे बघते. बाबा मान हलवून नाही म्हणतात. अजून तरी रोज नाहीच म्हणतात.

मित्रांनो, मला पुसा, जपा, माळ्यावर टाकू नका, असं मी तुम्हाला सांगणार होते. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू तेच सांगतात. पण ते राहू द्या. माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. तुमच्या घरात, तुमच्या टेबलाखाली, तुमच्या पायांशी कोणी गप्प बसलेलं असेल, कुत्रं असेल, मांजर असेल, धाकटी बहीण असेल, तर ते बरं आहे असं धरून चालू नका. हातातलं काम दोन मिनिटं थांबवा आणि वाकून त्याच्या तोंडाकडे बघा.